स्वेटर मुद्दाम आटवा, वारा अडेल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची लाट आली की आपल्या दैनिकात धुळ्याचा घसरलेला पारा आणि तोरणमाळचं गोठलेलं दव यांच्या बातम्या येतात. शेजारी डॉक्टरांचा सल्ला असतो, उबदार कपडे वापरा. सल्ला योग्यच आहे. पण पहाटे दुधाचे कॅन मोटारसायकलला बांधून निघणाऱ्याला किंवा लाईट रात्रीची आहे म्हणून गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला एवढ्यानं भागत नाही. घरात ऊबदार वाटणारा स्वेटर वाऱ्यात निघालं की अंगावर असून नसल्यासारखा होतो. त्यावर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे, तो वाचकांपर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र. अस्सल लोकरीचा स्वेटर मुद्दाम गरम पाण्यात आटवायचा.

मी अमळनेरला मुलींच्या शाळेत अनेक वर्षं शिवण आणि विणकाम शिकवलं. लोकर गरम पाण्यात घालू नये, हे वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगायचे. नेहमीच्या स्वेटरसाठी तो नियम आजही खरा आहे. मात्र ज्या गुणामुळे लोकर आटते, त्याच गुणामुळे ती वारा अडवते. म्हणून वाऱ्यात वापरायच्या स्वेटरला हा नियम जाणूनबुजून मोडायचा.

आपला मुलूख कापसाचा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. ते आटणं वेगळं. मागावर ताणलेलं सूत ओलं झालं की सैल पडून मूळ लांबीवर येतं आणि पुढे फारसं आटत नाही. लोकर म्हणजे मेंढीचा केस. त्या केसावर अतिशय बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेनं कललेले. गरम पाणी आणि साबण लागला की ते उचलले जातात. वर चोळलं, मळलं की केस एकमेकांत सरकतात, आणि खवल्यांमुळे त्यांना मागे येता येत नाही. गुंता घट्ट होत जातो, विणीतली भोकं बुजतात. हे एकदा झालं की उलट फिरवता येत नाही.

ऊब खरं तर लोकरीची नसते, लोकरीत अडकून राहिलेल्या हवेची असते. भोकांतून वारा शिरला की ती हवा निघून जाते. ताशी चाळीस किलोमीटरनं गाडी चालवणाऱ्याच्या छातीवर तर वारं पडलेलं असतानाही तेवढ्याच वेगाचा वारा आदळतो. गावोगावी दूधवाले म्हणूनच छातीशी वर्तमानपत्राची घडी खोचतात, तुमच्या दैनिकाचीसुद्धा. त्यांनी बरोबर ओळखलंय की थंडी जाड कपड्यानं तेवढी थांबत नाही जेवढी वारा अडल्यानं थांबते.

आमचे दीर सैन्यात होते. त्यांची जाड लोकरी जर्सी ट्रंकेत पडून होती, भाच्याला चांगलीच ढगळ. ती मी आटवून त्याला दिली. तो रोज पहाटे दूध घेऊन अमळनेरला येतो. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मावशी, आते वारा मझार घुसस नही व." म्हणजे, आता वारा आत घुसत नाही.

आता कृती सांगते. आधी स्वेटर अस्सल लोकरीचा आहे ना, ते तपासा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. बाजारात 'वूलन' म्हणून मिळणारे बरेच स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि ते कितीही उकळले तरी असे आटत नाहीत. शिवणीच्या आतल्या बाजूनं एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी घाण वास देते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची टणक काळी गुठळी होते. लोकर असूनही लेबलवर 'सुपरवॉश' किंवा 'मशीन वॉशेबल' लिहिलं असेल तर तो स्वेटर बाजूला ठेवा, त्याचे खवले कारखान्यातच बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. जुने हातविणीचे आणि जाड, खरखरीत लोकरीचे सहसा उत्तम.

कसर लागून भोकं पडली असतील तर ती आधी लोकरीच्याच धाग्यानं रफू करा, नाहीतर आटताना मोठी होतील. मग पाणी हात घालवणार नाही इतकं गरम करा, त्यात कपडे धुण्याच्या वडीचा किसलेला साबण विरघळवा. ब्लीच चुकूनही नको, त्यात लोकर विरघळते. स्वेटर भिजला की काठीनं ढवळा, थोडं सोसवेल असं झालं की कणकेसारखा मळा, दगडावर चोळा, मध्येच गार पाण्यातून काढा, पुन्हा गरम. बराच वेळ काही झालंय असं वाटत नाही, आणि मग पाहता पाहता आटायला लागतो. तिथून पुढे दर दोन-चार मिनिटांनी काढून अंगाशी लावून बघा. रुंदीपेक्षा उंची जास्त आटते, बाह्याही तोकड्या होतात. म्हणून सुरुवातीचा स्वेटर एक-दोन माप मोठा हवा, आणि लांबीला तर आणखी सढळ.

वीण पुसट दिसू लागली की ओल्या कापडाला तोंड लावून फुंकून पाहा. पलीकडच्या तळहाताला फुंकर जेमतेम लागली तर थांबायचं. गार पाण्यात खळबळून काढायचा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. ओला आहे तोवरच खांदे आणि बाह्या ओढून आकार द्यायचा आणि सावलीत खाटेवर पसरायचा. वॉशिंग मशीन असेल तर उशीच्या अभ्र्यात बांधून, जुन्या जीन्सबरोबर साठ अंशांवर फिरवता येतो. मला हातानंच करायला आवडतं, मशीनमध्ये मध्येच थांबवून बघता येत नाही.

यात नवं असं काही नाही. आल्प्समधल्या टायरॉल भागात सैल विणलेलं लोकरी कापड असंच आटवून दाट करतात, त्याला लोडेन म्हणतात. अमेरिकेत मेन राज्यातले मच्छीमार हातमोजे मुद्दाम मोठे विणून आटवत आणि समुद्रावर वापरत. इतकं लांब कशाला, साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाच्या खांद्यावरचं घोंगडं बघा. ते मागावर विणलेलं, खळ दिलेलं, पण काम हेच, वारा आणि भुरभुर पाऊस अंगापर्यंत येऊ न देणं. त्या लोकरीला आज भाव मिळत नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही असं मेंढपाळ सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याच माळावर वाऱ्यापासून राखणारा धागा तयार होतो आणि आपण लुधियानाहून आलेलं अ‍ॅक्रिलिक अंगावर घालतो.

आटवलेल्या स्वेटरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो ताणत नाही, काखेत थोडा अडतो. वेगात गाडी चालवताना थोडा वारा लागतोच, आणि जोराच्या पावसात तो उपयोगाचा नाही. नायलॉनचं जाकीट वारा अधिक अडवतं, हे खरं. पण कष्टाच्या कामात त्यात घाम कोंडतो, आणि शेकोटीची ठिणगी पडली की भोक पडतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते तरी ओली लागत नाही, आणि ठिणगीनं सहजी पेट घेत नाही. दवानं भिजलेल्या हरभऱ्यातून चालणाऱ्याला आणि बांधावर शेकत बसणाऱ्याला याची किंमत कळते.

शेवटी एक विनंती. दर डिसेंबरात अनेक मंडळं जुने गरम कपडे गोळा करून बसस्थानकावर झोपणाऱ्यांना आणि ऊसतोडीच्या तळांवर वाटतात. त्या ढिगात कसर लागलेले, ढगळ म्हणून टाकलेले लोकरी स्वेटर हमखास असतात. मंडळांनी ते निवडून वेगळे काढावेत आणि वाटण्याआधी आटवावेत. शाळांमधल्या शिवणाच्या मुली एका रविवारी एवढं काम सहज करतील, आणि लोकर कशी ओळखायची हेही त्यांना आयुष्यभरासाठी समजेल. आपण हे पत्र संक्रांतीच्या आत छापलंत तर यंदाच्याच थंडीत ते स्वेटर अंगावर जातील.

आपली,
एक निवृत्त शिवण शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव