पाच फेब्रुवारीचं पोर

सातारा, ३१ जानेवारी

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

५ तारखेला तुझा वाढदिवस, पण पत्र आजच लिहितेय. आज जॅकी रॉबिन्सनचा जन्मदिवस. १९१९ साली तुझ्याच जॉर्जियात जन्मला. १९४७ मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाकडून उतरला आणि गोऱ्यांनी काळ्या खेळाडूंना साठ वर्षांच्या आसपास बंद ठेवलेलं मेजर लीगचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेचं, दार उघडलं. पुढच्या वर्षी तो अलाबामातल्या मोबील गावात बोलायला आला, तेव्हा शाळा बुडवून ऐकायला गेलेला एक काळा मुलगा होता हँक ॲरन, पुढे तोही मोठा बेसबॉलपटू झाला. तो ५ फेब्रुवारी १९३४ चा, म्हणजे तुझ्याच तारखेचा!

तू अटलांटातल्या ॲरनच्या त्या जुन्या मैदानाच्या जागेचा फोटो पाठवलास, तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापार) ७१३ होते आणि बेब रूथ या जुन्या गोऱ्या खेळाडूचा विक्रम ७१४ चा. (रूथ ६ फेब्रुवारीचा, बघ.) पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत अख्खा हिवाळा थांबायचं. त्या दिवसांत पत्रांचे ढीग येत. पुष्कळ कौतुकाची, पण कित्येक जिवे मारण्याच्या धमक्यांची, कारण गोऱ्याचा विक्रम काळ्या माणसाने मोडायचा नव्हता. ती पत्रं त्याने फेकली नाहीत, जपून ठेवली.

नवा हंगाम सुरू होताच त्याने ७१४ ची बरोबरी केली. मग ८ एप्रिल १९७४. चौथी इनिंग, समोर चेंडू टाकायला डॉजर्सचा अल डाउनिंग. ॲरनने त्या रात्री पहिल्यांदाच बॅट फिरवली आणि चेंडू कुंपणापार गेला. ७१५! दोन पोरं मैदानात घुसून त्याच्याबरोबर धावू लागली. धमक्या माहीत असणाऱ्यांच्या काळजाचं काय झालं असेल? फेरी पूर्ण करून तो होम प्लेटला, म्हणजे बॅट फिरवतात त्या जागी, पोचला तेव्हा त्याची आई, एस्टेला, गर्दीतून पुढे आली आणि तिने त्याला मिठी मारली. आईच्या हातांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं, असं तो पुढे सांगायचा. कुणी गोळी घातलीच तर आधी ती आपल्याला लागावी, म्हणून तिने त्याला तसं धरलं होतं म्हणतात.

इथे मी वाचायची थांबले, निनाद. रेल्वेत तुला कुणी तरी नको ते बोललं, ते तू मला दोन महिन्यांनी सांगितलंस. ‘तुला काळजी नको म्हणून’ म्हणालास. मला ती काळजी हवी आहे रे. रविवारी फोन करशील तेव्हा काय काय झालं ते सगळं सांग, काही गाळू नकोस.

लाडू पाठवलेत, पोचले की कळव. आणि वाढदिवसाला पुन्हा त्या जागी गेलास तर एक काम कर. तुझ्या फोटोत चेंडू पडला ती खूण आहे. होम प्लेट कुठे होती ते कुणाला तरी विचार आणि तिथला फोटो पाठव. ती तिथे उभी होती.

तुझी,
आई