‘फुल कॉपर, ४ गेज’ छापून विकलेल्या अ‍ॅम्प वायरिंग किटबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

कोल्हापूर

महोदय,

आपले वायरिंग किट, म्हणजे बॅटरीतून अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारे यंत्र) वीज नेणाऱ्या वायरीचा संच, आम्ही कार ऑडिओच्या कामासाठी घेतले. खोक्यावर ‘फुल कॉपर, ४ गेज, १५०० वॅट’ छापले आहे. ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौ. मिमी तांबे. आवरण सोलल्यावर आत जेमतेम ८ चौ. मिमी निघाले, जाडी सगळी प्लास्टिकची. तारा खरवडल्या की पांढऱ्या पडतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

अ‍ॅम्प १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद), क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा). पूर्ण आवाजाला तो साधारण ९० अँपिअर ओढतो. मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नव्हे, डिक्कीतला एक सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर) आहे. इंजिन २००० आरपीएमवर, एसी व दिवे बंद ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, आणि पाच मीटरच्या पॉझिटिव्ह वायरीतच १.४ व्होल्टची घट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. इथे सव्वाशे वॅट नुसते वायर तापवण्यात जात होते. फ्यूजहोल्डरच्या स्क्रूचा सांधा तापून प्लास्टिक वितळले, तरी फ्यूज उडाला नाही, कारण आपण दिलेला फ्यूज १०० अँपिअरचा आहे. एवढ्या बारीक वायरीला ६० अँपिअरच्या वर फ्यूज देणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आपल्या प्रतिनिधीचे उत्तर: “अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारे यंत्र) कमी पडतोय, एक फॅरॅडचा कपॅसिटर (विजेचा छोटा साठा) लावा.” अल्टरनेटर १२० अँपिअरचा आहे, तो कमी पडला असता तर व्होल्टेज आधी बॅटरीवरच घसरले असते, तिथे तर १३.६ होते. आणि १३.६ वरून १२.६ वर उतरताना तो कपॅसिटर १३ ज्यूल देतो. या अ‍ॅम्पला ते सेकंदाचा शंभरावा भाग पुरतात. कपॅसिटर विकायचाच असेल तर वेगळे बोला.

उद्यमनगरातून २५ चौ. मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल आणून टाकली. गाडी, बॅटरी, अर्थ (बॉडीची निगेटिव्ह जोडणी) सगळे तेच. घट ०.३ व्होल्ट.

किटची पूर्ण रक्कम व जळालेल्या होल्डरचा खर्च परत करावा. उरलेला माल दुकानांतून मागे घ्यावा आणि पुढच्या खोक्यावर धातू व चौ. मिमी खरे छापावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, सोललेल्या वायरीचा तुकडा, वितळलेल्या होल्डरचे व मीटर रीडिंगचे फोटो