कॅम्पातल्या शाळेचा इतिहास लिहिताना

ठाणे

प्रिय आई-बाबा,

शाळेच्या स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम तुम्हा दोघांकडे आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. बाबा, मुख्याध्यापकांच्या यादीपासून सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंत. ती यादी परिशिष्टात जाऊ द्या. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पासारख्या लष्करी छावणीत पॅरिशने, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चने, चालवलेल्या शाळेचा खरा इतिहास जनरल रजिस्टरच्या, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या वहीच्या, दोन रकान्यांत सापडतो : पालकाचा व्यवसाय आणि शाळा सोडण्याचं कारण.

इथे ठाण्यात १७३७ मध्ये पोर्तुगीज जाऊन मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज आले, पण गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिकांची, घरं जागची हलली नाहीत. अशा जुन्या पॅरिशच्या वह्यांत तीच आडनावं पिढ्यान्‌पिढ्या भेटतात. कॅम्पात पलटणीचा हुकूम आला की वर्गातली निम्मी मुलं पुढच्या महिन्यात नसत. म्हणून कॅम्पातल्या शाळेचा इतिहास लिहिताना कोण टिकलं यापेक्षा कोण कुठून आलं आणि कुठे गेलं, हे आधी मांडावं लागतं.

सुरुवातीच्या प्रकरणात पार्श्वभूमी दोन परिच्छेदांपेक्षा जास्त नको. पुण्यात नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, ते पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. म्हणजे फौज आणि पॅरिश यांचं नातं आपल्याकडे इंग्रजी छावण्यांच्याही आधीचं आहे, आणि हे जरूर लिहा. पुढे कंपनीच्या आणि राणीच्या पलटणींत आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने आले. लष्कराच्या स्वतःच्या शाळा होत्या, पण त्यांतल्या धर्मशिक्षणाबद्दल कॅथलिक धर्मगुरूंना भरवसा नव्हता. त्यात १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. बेळगावचं सेंट पॉल्स १८५६ चं आणि पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं, ते याच काळातलं.

आता स्थापनेचं वर्ष. इथेच बहुतेक स्मरणिका घसरतात. अशा शाळेला चार वेगवेगळी वर्षं असतात : धर्मगुरूने व्हरांड्यात किंवा बराकीत वर्ग सुरू केला ते, सरकारी मान्यता किंवा पहिलं अनुदान मिळालं ते, आजची इमारत झाली ते, आणि शालान्त परीक्षेला पहिली तुकडी बसली ते. कोनशिलेवर सहसा तिसरं असतं. जुन्या लेटरहेडवर कुठलंही असू शकतं. तीन स्वतंत्र कागद जुळल्याशिवाय मुखपृष्ठावर आकडा छापू नका. जुळलेच नाहीत तर चारही वर्षं ज्या-त्या कागदाच्या नावासह द्या. शालान्तच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा की १९४९ च्या आधी ती मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, नंतर बोर्डाची अकरावी आणि १९७५ पासून दहावी.

रजिस्टरचं काम असं करा. दर दहा वर्षांतलं एक वर्ष घ्या आणि त्या वर्षीचे सगळे नवे प्रवेश वहीत उतरवा : क्रमांक, जन्मस्थळ, आधीची शाळा, वडिलांचा व्यवसाय, सोडल्याची तारीख, कारण. नाव लिहायची गरज नाही. मग व्यवसायांची मोजदाद करा : गनर, सार्जंट, रेल्वेतला गार्ड, डेपोतला कारकून, बटलर, धोबी. याशिवाय १९१४, १९४८ आणि १९६३ च्या आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षं पूर्ण पाहा. १९१४ ला पलटणी आघाडीवर गेल्या. शिवाय मुंबई-पुण्याचं मिशन तेव्हा जर्मन जेसुइट संघाच्या धर्मगुरूंकडे होतं, त्यांना नजरकैदेत टाकून पुढे मायदेशी धाडलं, त्यामुळे कागदपत्रांतलं अक्षर एकदम बदललेलं दिसू शकतं. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण मुंबईहून बोटीत बसली. १९६३ ला केंद्रीय विद्यालयं सुरू झाली आणि बदलीवर फिरणाऱ्या जवानांच्या मुलांना दुसरी सोय मिळाली. पट घसरल्याचा दोष त्या काळच्या मुख्याध्यापकांना देण्याआधी हे वर्ष तपासा.

मोजताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते. मूल शाळा सोडून परत आलं की नवा क्रमांक मिळालेला असू शकतो, म्हणजे एकच मूल दोनदा मोजलं जातं. जन्मतारीख ताडून पाहा. दुसरं, बाप्तिस्म्याच्या वहीत नावं लॅटिन रूपात असतात, तिथला जॅकोबस शाळेत जेम्स होतो. तिसरं, शिपाई पटकीने किंवा लढाईत गेला की विधवेचा भत्ता काही महिनेच चाले, त्यामुळे ती लवकर दुसरं लग्न करी आणि मुलाचं आडनाव मधेच बदले. अनाथ मुलांच्या आणि आईबापांच्या लग्नाबद्दलच्या नोंदी नावानिशी छापू नका. त्यांची नातवंडं आज हयात असतील.

आई, पुढचं खास तुझ्यासाठी. बऱ्याच कॅम्पांत पॅरिशच्या दोन शाळा असत : एक इंग्रजी, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची, जी युरोपियन शाळांच्या नियमावलीखाली चाले, दुसरी देशी ख्रिस्ती मुलांची, मराठी, कोंकणी किंवा तमिळ बोलणाऱ्या आया-बटलर-बँडवाल्यांच्या घरची. पहिलीचे फोटो भिंतीवर लागतात, दुसरीचे कुणी काढलेलेच नसतात. ही धाकटी शाळा वगळली तर आपला इतिहास अर्धा राहील, असं मला ठाम वाटतं. तिचा माग पगारपत्रकांत आणि शेरेबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायच्या वहीत, लागतो, कारण सरकारी तपासनीस तिथेही येत. आणि लाइनीतल्या, म्हणजे कॅम्पातल्या नोकरवस्तीतल्या, म्हाताऱ्या बायकांकडे. त्यांना ‘तुमची शाळा कशी होती’ असं विचारू नकोस. वर्ग कुठे भरायचा, बाक होते की तरट, दुपारचं खाणं कोण द्यायचं, पहिल्या कम्युनियनचा झगा कुणी शिवला, असं नेमकं विचार. उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घे.

जागेचा कागद कॅन्टोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये मिळेल. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, वर्गवारी आणि धारकाचं नाव असा उतारा डिफेन्स इस्टेट्स कार्यालयाकडे अर्ज करून मागा. त्यावरची तारीख नोंदीची असते, बांधकामाची नव्हे. धर्मप्रांताचा पत्रव्यवहार नाशिकला शोधून थांबू नका : नाशिकचा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, म्हणून १८८६ ते १९८७ ची पत्रं पुण्याच्या बिशप हाउसमध्ये विचारायची. मुंबईच्या ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकाचे १८५० पासूनचे अंक आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातली शिक्षण खात्याची दप्तरं मी पाहीन. मला ठाण्याहून लोकल सोयीची आहे.

जुन्या वह्या हाताळताना बाबा, कृपा करून सेलोटेप आणि लॅमिनेशन टाळा. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षर खातो, आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. जुन्या काळ्या शाईत लोहाचा अंश असतो, ती कागद कुरतडते; अशी पानं उलटताना खाली जाड कोरा कागद सरकवा. टिपणं पेन्सिलीनेच. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल पानाला समांतर धरून काढा. प्रत्येक वहीचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा, म्हणजे कुठलं पान कुठल्या वहीचं ते कळतं. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, तळाच्या खणात काहीच नको, कारण वाळवी खालूनच चढते.

आधी सगळ्यात जुन्या जनरल रजिस्टरची पहिली वीस पानं आणि कोनशिलेचा फोटो पाठवा. लँड रजिस्टरचा अर्ज याच आठवड्यात टाका, उताऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुमची लेक