डिपॉझिट अडकलं तर भाडेकरूने जायचं कुठे? गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नऊ वर्षं पुण्यात भाड्याने राहतेय. दरवेळी ॲग्रीमेंट रजिस्टर केलं, पोलीस व्हेरिफिकेशन केलं, भाडं कधी पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. मे महिन्यात वाकडचा फ्लॅट सोडला, डिपॉझिट ६० हजार. चावी घेताना घरमालक काका म्हणाले, "ताई, आठ दिवसांत जीपे करतो." आठाचे पंधरा झाले, मग फोन उचलणं बंद, आणि शेवटी व्हॉट्सॲपवर हिशोब आला: कलर २८ हजार, डीप क्लीनिंग ६ हजार, नळदुरुस्ती ४ हजार. बिल एकाचंही नाही. उरलेले २२ हजार म्हणे नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की देतो.

जूनच्या शेवटी एक कुरियर चुकून जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून आणायला गेले तर नवीन कुटुंब राहायला आलेलं, दार उघडंच होतं. बाल्कनीकडच्या भिंतीला ओल येऊन सुटलेला पोपडा होता तसाच, आणि किचनच्या चौकटीजवळ माझ्या लेकीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा, पाच वर्षांची असतानाची, सहा वर्षांची असतानाची, सगळ्या जागच्या जागी. कलरचा एक हात मारलेला नव्हता. मी जिन्यात बसून रडले, कारण त्याच पैशांतून नव्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं आणि ते भरायला मला बांगड्या ठेवून गोल्ड लोन घ्यावं लागलं.

वकील म्हणाले नोटीस पाठवू, मग दिवाणी दावा. त्याचा खर्च आणि किती वर्षं लागतील ते ऐकून मी गप्प घरी आले आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच वाचायला घेतला. कलम २४ बघा साहेब. मुदत संपून मी घर सोडलं नसतं तर काका सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊन मला बाहेर काढू शकले असते, वर तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडंही लावू शकले असते. ते बरोबरच आहे, घर त्यांचं आहे. पण मी वेळेवर घर सोडलं आणि त्यांनी माझे पैसे धरून ठेवले, तर त्याच ऑफिसात माझा अर्ज घ्यायची सोय नाही.

आणि स्टॅम्प ड्युटी काढताना सरकार काय करतं, तर डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं, ते भाड्यात मिळवतं आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के घेतं. म्हणजे हा पैसा मालकाकडे राहून कमावतो हे सरकारला मान्य आहे. तो परत गेला का, हे मात्र कोणीच विचारत नाही.

२ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला आणि तो राज्यांकडे पाठवला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही आणि घराचा ताबा घेतानाच रास्त कपात करून परत, असं त्यात आहे. तो सगळा कायदा आला तर आपलं काय होईल ही पागडीवाल्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन वर्षानुवर्षं थोड्या भाड्यात राहणाऱ्या, जुन्या भाडेकरूंची भीती मला समजते. मग सगळा नका आणू, लिव्ह अँड लायसन्सपुरती डिपॉझिटची तरतूद तेवढी आणा. कपात करायची तर बिल दाखवा, घर घेतानाचे फोटो ऑनलाइन ॲग्रीमेंटलाच जोडा, आणि १५ दिवसांत पैसे नाही आले तर भाडेकरूचा अर्ज त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे, आणि उशीर केला तर दुप्पट, जसं आम्हाला लागतं तसं.

माझे २२ हजारही अजून आलेले नाहीत. माझ्या जागी आलेल्या त्या ताईला मी त्या भिंतीचे फोटो तारखेसकट काढून ठेवायला सांगितलेत.

आपली,
एक भाडेकरू, पुणे