टीटीसीतील रिकाम्या भूखंडांवर जैव-उत्पादनालाही जागा द्या

महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील, म्हणजे टीटीसी औद्योगिक क्षेत्रातील, जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागांवर गेल्या काही वर्षांत आयटी पार्क, डेटा सेंटर आणि गोदामे उभी राहिली आहेत. त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. परंतु उरलेल्या भूखंडांचे काय करायचे, या चर्चेत जैवतंत्रज्ञानाचे आणि त्यावर आधारित जैव-उत्पादनाचे (जिवंत पेशी वा सूक्ष्मजीव वापरून औषधे व इतर माल बनवण्याचे) नाव क्वचितच निघते, आणि ज्या परिसराने या क्षेत्रात देशाला मोठे यश मिळवून दिले तिथेच असे व्हावे, याची खंत वाटते.

हे यश म्हणजे कर्करोगावरील ‘कार-टी’ उपचार. यात रुग्णाच्या रक्तातील, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक जनुक घालतात, जेणेकरून त्या कर्करोगग्रस्त बी पेशी (रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हेरून मारू शकतील, आणि मग त्यांची संख्या वाढवून त्या त्याच रुग्णाला परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाणारा हा उपचार सुमारे दहाव्या हिश्श्यात उपलब्ध झाला. मूळ संशोधन पवईत झाले, रुग्णांवरील चाचण्यांत टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता आणि उत्पादन नवी मुंबईत होते. प्रत्येक रुग्णाचे औषध त्याच्याच पेशींपासून बनत असल्याने प्रयोगशाळा, रुग्णालय आणि उत्पादन केंद्र तासाभराच्या अंतरावर असणे ही केवढी सोय आहे, हे वेगळे सांगायला नको.

तरीही चाळीसेक लाख रुपये सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचेच आहेत. पेशी वाढवण्याची माध्यमे, निर्जंतुक पिशव्या, गाळण्या असा बराच माल परदेशातून येतो. तो इथे बनू लागला तर उपचार स्वस्त होतील आणि रोजगारही निर्माण होतील. संशोधनातून अर्थव्यवस्था वाढते ती अशी, एका औषधामागे उभ्या राहणाऱ्या दहा लहान उद्योगांमुळे.

अडचण येते ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये उत्तम वाढणारे जिवाणू शंभर लिटरच्या फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवण्याच्या बंद टाकीत) तसेच वाढतील याची शाश्वती नसते. प्राणवायू सगळीकडे सारखा पोहोचत नाही, फेस येतो, उष्णता साचते, आणि एका सैल झडपेतून संसर्ग शिरला की सगळी बॅच फेकून द्यावी लागते. हे शिकण्यासाठी लागणारी यंत्रणा नवख्या उद्योजकाला परवडणारी नसते. हैदराबादने १९९९ पासून जीनोम व्हॅलीच्या रूपाने अशा उद्योगांसाठी हेतुपूर्वक जागा घडवली. आपल्या ठाण्यातील आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञान शिकलेली मुले आज तिकडे किंवा पुण्याकडे जातात, किंवा हे क्षेत्रच सोडून देतात.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैव-उत्पादनाला चालना देणारे ‘बायोई३’ धोरण मंजूर केले आहे. मात्र संशोधन-विकासावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता, आणि एवढ्या तुटपुंज्या खर्चावर कोणतेही धोरण कागदाबाहेर पडणे अवघड आहे. म्हणून राज्याने आपल्या हातात जे आहे, म्हणजे जमीन, ती तरी पुढे करावी. एमआयडीसीने टीटीसी क्षेत्रातील काही भूखंड केवळ जैव-उत्पादनासाठी राखून ठेवावेत आणि भाड्याने वापरता येईल असे एक सामायिक पायलट केंद्र, म्हणजे लहान प्रमाणावर उत्पादन करून पाहण्याची जागा, उभारावे. रात्री-अपरात्री येणाऱ्या उग्र दर्पाचा अनुभव असलेले इथले रहिवासी नव्या कारखान्यांकडे साशंकतेने पाहतील, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव असलेले सांडपाणी कारखान्यातच निर्जंतुक करणे बंधनकारक असावे आणि त्याच्या तपासणीचे अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागरिकांसाठी नियमितपणे खुले करावेत.

— एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका, ऐरोली