गुप्त संघटनांची पुस्तके शेवटून उघडा

महोदय,

सोलापुरातल्या वाचनालयांत गुप्त संघटना आणि गूढविद्येवरची पुस्तके मागणारे वाचक आहेत. वाचावीत जरूर, पण आधी शेवटची पाने उघडावीत. संदर्भसूचीच नसेल, तर कादंबरी समजून वाचायला हरकत नाही. असेल, तर एखादा खळबळजनक दावा निवडून त्याचा माग मूळ कागदापर्यंत काढावा. पुष्कळदा एक पुस्तक दुसऱ्याचा हवाला देते, दुसरे तिसऱ्याचा, आणि माग मध्येच विरतो.

फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सदस्य, सैतानाला भजतात, हा दावा घ्या. फ्रान्सच्या लिओ टॅक्सिल या लेखकाने तो बनावट मजकूर रचून रंगवला आणि १८९७ साली पॅरिसमध्ये भरसभेत ती थाप असल्याचे स्वतःच सांगून टाकले. तरी त्याची वाक्ये अजून फिरतात, तीही दुसऱ्याच्या नावावर!

सालेही ताडून पाहावीत. जर्मनीतल्या बव्हेरियातली इल्युमिनाटी ही गुप्त संघटना १७७६ ची, १७८५ पर्यंत सरकारी बंदीने मोडलेली. गूढविद्येचा अभ्यास करणारी थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ ची. दोघींचे एकच कारस्थान सांगणारा लेखक मधली नव्वद वर्षे कोणत्या कागदाच्या आधारे ओलांडतो, ते शोधावे.

वाचनालयांनी निदान ही पुस्तके इतिहासाच्या कपाटात लावू नयेत.

— एक वाचक, सोलापूर