फोन तिच्या कानाला लावणाऱ्यांचे आभार

बीड, धाराशिव, लातूरकडं घरात मयत होते तेव्हा बऱ्याचदा नवरा पुण्याला कंपनीत, नाहीतर कारखान्यावर ऊसतोडीला असतो. बायकोला धीर द्यायचा तर त्याच्याकडं फोनच. तो फोन कामी येतो तुमच्यामुळं, गावात तिच्याजवळ असणाऱ्या माणसांमुळं.

तिला थेट कळवण्याआधी शेजारी कळवून कुणालातरी तिच्याजवळ बसवलंत. लाईट नसताना फोन चार्ज करून आणलात. स्पीकर बंद ठेवून तिच्या कानाला लावलात आणि उठून बाहेर गेलात. चारचौघांत तिला मोकळं रडता येत नाही, हे ओळखलंत. चूल बंद होती तेव्हा पिठलं-भाकरी आणलीत, अन् ती किती जेवली तेही त्याला खरं सांगितलंत. "रडू नको" म्हटलं की ती गप्प होते. "रड, मी फोनवर आहे" म्हणायचं, हे त्याला तुम्हीच शिकवलंत.

मयताची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून तेवढा घोर मिटवलात.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, घर खायला उठतं. तेव्हाही रोज दिवेलागणीला तिच्या ओट्यावर येऊन बसलात. तुमचे मनापासून आभार.